केझाया प्रॅटरची खूण

मोझेल प्रॅटरने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका गोधड्या शिवत बसल्या. ही मात्र दर मंगळवारी कोर्टाच्या तळघरात जाऊन जुनी दफ्तरं उपसायला लागली. तिथल्या पोरी आधी हसायच्या, आता कुठलं पुस्तक कुठे आहे हे हिलाच विचारतात. बिचाऱ्यांनी तरी काय करावं, तळघर हिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही!

आमच्या शुगरट्री खोऱ्यात मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सगळी घराणी आपापल्या टेकडीवरच्या थडग्यांवर फुलं वाहतात आणि तिथेच गवतावर जेवतात. त्या वर्षी प्रॅटरांनी मूळपुरुषाचा दगड बसवायचं ठरवलं होतं. मजकूर डेल्बर्टकाकांनी सांगितला होता : कॅप्टन गिडियन प्रॅटर, १७७९ साली या खोऱ्यात पहिलं घर बांधणारा. काकांचं वय एक्क्याण्णव. मोझेलचा बाप खाणीत मेला तेव्हा तिला वाढवलं ते याच काकांनी. मरण्याआधी हा दगड डोळ्यांनी बघायचा, एवढंच त्यांनी मागितलं होतं. सोमवारी लॉनी पाथरवट अक्षरं कोरायला घेणार होता. मोझेलकडे काम एकच, कागदाचा पुरावा आणायचा.

आणि तिथेच घोडं अडलं. पहिल्या करयादीपासून ओळीने सात वर्षं नाव होतं केझाया प्रॅटरचं : विधवा, एक घोडा, तीन गाई. गिडियन यादीत उगवला तो एकवीस वर्षांचा झाल्यावर, १७९४ साली. म्हणजे १७७९ मध्ये कॅप्टनसाहेब सहा वर्षांचे होते! आता यात आमच्याच लोकांची खोड आहे. गावच्या फौजेचा कॅप्टन म्हणून एकदा कुणी निवडून आला, की तो मेल्यावरही कॅप्टनच राहतो. मग तो कधीकाळी शेंबडा पोर होता हे कोण ध्यानात ठेवणार?

मोझेलला दोन रात्री झोप लागली नाही. गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. पण दगडावर खोटं कोरू द्यायला तिचं मन तयार होईना. आणि काकांचं मन मोडायचं तर तिच्याच जिवावर आलं होतं. शेवटी तिने सांगून टाकलं. काका असे भडकले की त्यांनी कॉफीचा कप बशीवर आपटला. आपल्या आजोबांनी सांगितलेलं खोटं, आणि कुठल्या कारकुनाने खरडलेलं खरं, होय?

"कॅप्टन जन्मात कधी खोटं बोलला नाही, पोरी," ते म्हणाले. "तो स्वतः सांगेल तेव्हा मी मानीन."

मोझेल हट्टाला पेटली. प्रॅटरच ती, दुसरं काय करणार? शुक्रवारी तळघर बंद होईपर्यंत तिने जमिनीच्या दाव्यांचे गठ्ठे सोडले आणि एकदाची तिला १८११ सालची साक्ष सापडली.

शनिवारी काकांच्या ओसरीत बसून तिने ती वाचली. शेजाऱ्याने दावा लावला होता, की प्रॅटरांच्या जमिनीची हद्द दाखवणाऱ्या कोपऱ्यावरच्या झाडाची खूण आता आता केलेली आहे. कोर्टाने माणसं पाठवली. साठी उलटलेली केझाया त्यांना झुडपांतून एका बीचच्या झाडापाशी घेऊन गेली, खोडावर पंजा ठेवला आणि म्हणाली, इथे तोडा. साल कधीच भरून आली होती. त्यांनी ढलपा काढला तर आत कुऱ्हाडीचा घाव! घावावर चढलेली वर्षांची वलयं मोजली, ती भरली बत्तीस, म्हणजे घाव १७७९ सालचा. शेजारी तोंडात मारल्यासारखा घरी गेला. शेवटी शपथेवर विचारलं होतं ते गिडियनला.

"'घाव आईने घातला,'" मोझेल वाचत होती. "'मी सहा वर्षांचा होतो. मी धाकट्या बहिणीला धरून उभा होतो. घराचे ओंडकेही तिनेच पाडले. मला विचारू नका, तिला विचारा.'"

काका म्हणाले, "परत वाच." तिने परत वाचलं. त्यांनी रुमालाने डोळे पुसले आणि लॉनीला फोन लावायला सांगितला.

आठवड्याने, मेच्या शेवटच्या रविवारी, टेकडीवर दीडशे माणसं जमली. दगडावर मोठ्या अक्षरांत केझाया प्रॅटर होती, १७७९ होतं, आणि खाली बारीक अक्षरांत : तिचा मुलगा गिडियन. चुलतभाऊ वेंडेल कोंबडीची तंगडी चघळत म्हणाला, की मोझेलने एका दिवसात कॅप्टनचा शिपाई करून टाकला. दोघेतिघे हसले. मोझेलचा चेहरा उतरला.

डेल्बर्टकाका काठीवर भार देऊन उठले.

"वेंडेल, दोनशे वर्षं आपण त्या बाईच्या जमिनीवर जेवतोय आणि तिचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नव्हतं. कॅप्टनने ते भर कोर्टात घेतलं. आईच्या खाली उभं राहायची त्याला लाज वाटली नाही, मग तुला रे कसली वाटते?"

वेंडेलने तंगडी ताटात ठेवली आणि टोपी काढली. मग एकेक करत सगळ्या प्रॅटरांनी टोप्या काढल्या. मोझेलची छाती अभिमानाने भरून आली. काकांनी तिचा हात धरला आणि तिला दगडाजवळ नेऊन पहिलं फूल तिलाच वाहायला लावलं.