पेचकस पारखणारी आत्या

जालन्यात वीज आणली ती कंपनीनं, हे खरं. पण त्या विजेशी रोज झटणारी माणसं संध्याकाळी धडधाकट घरी परतत ती माझ्या आत्यामुळे, असं माझं ठाम मत आहे, आणि त्या काळातला जालन्यातला एकही वायरमन ते खोडून काढणार नाही. गंमत म्हणजे आत्यानं स्वतः विजेच्या तारेला कधी बोट लावलं नव्हतं. तिच्या घरात विजेचा दिवासुद्धा नव्हता. नवरा, म्हणजे आमचे मामा, कंपनीत वायरमन आणि घरात कंदील. कोणी हसलं तर ती म्हणायची, "दिवसभर त्यांचं तिच्यासंगंच चालून राह्यलंय. घरी तरी सुटका पाह्यजे का न्हाई?"

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मला जालन्याच्या स्टेशनवर पार्सल ऑफिसात कारकुनाची नोकरी लागली आणि मी आत्याकडे राहायला आलो. पहिल्याच दिवशी तिनं मला जेवायला वाढलं आणि विचारलं, "तुझ्याकडं मुंबैची पार्सलं येत असतील न्हाई का?" मला वाटलं, हिला लुगडंबिगडं मागवायचं असेल. ती म्हणाली, "लोखंडी सामानाची पेटी आली की मला आधी सांगत जा. पेचकसाचा नवा माल दुकानात लागायच्या आत मला बघायचा असतो."

आत्या मूळची कुंभार पिंपळगावची. माझ्या आजोबांची शेती मोठी. बाजारच्या दिवशी खुरपी, विळे, कुऱ्हाडी घ्यायच्या असल्या की ते माझ्या वडलांना आणि काकांना घरी ठेवून धाकट्या मुलीला बैलगाडीत बसवत. तिनं हातात धरून हलवलेलं खुरपं तीन-तीन हंगाम मुठीतून निघत नसे. पुढे तिचं लग्न झालं ते अशा माणसाशी, की ज्याला साधी वांगीसुद्धा निवडून आणता येत नव्हती. मामा हुशार होते, हातात कसब होतं, खांबावर माकडासारखे चढत; पण दुकानात गेले की समोर जे ठेवलं जाईल ते उचलून आणत. एकदा त्यांनी आणलेल्या पेचकसाची मूठ तिसऱ्या दिवशी हातात आली आणि पातं स्क्रूलाच अडकून राहिलं. "दुकानदार चांगला माणूस हाय," एवढंच मामा म्हणाले.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग, मी जालन्याला यायच्या आधीच, एका दुपारी मामा एका जिनिंगमध्ये शिडीवर उभे राहून स्विचचं झाकण उघडत होते, तेव्हा त्यांना करंटनं फेकलं. खाली सरकीसकट कापसाचा ढीग होता, त्यात पडले म्हणून वाचले. टांग्यातून घरी आणलं तेव्हा आत्या रडली नाही. तिनं त्यांचा उजवा हात उलटा करून बघितला. तळहाताच्या मध्यावर चण्याएवढा काळा डाग होता. ती म्हणाली, "तो पेचकस आणा." लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. कोणीतरी पळत जाऊन पेचकस आणला. लाकडी मूठ, चांगली गुळगुळीत. पण पात्याचं लोखंड मुठीतून आरपार जाऊन मागच्या टोकाला बाहेर आलं होतं. तिनं ते टोक मामांच्या तळहातावरच्या डागाशेजारी धरलं. दोन्ही बराबर एकाच मापाची. मामा पुढे मला सांगत: "नुसती त्या लोखंडाकडं बघत बसली."

तेव्हापासून मामांनी पेचकस विकत घेणं बंद झालं आणि आत्यानं सुरू केलं. नवीन जालन्यात एका मारवाडी शेठचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. आत्या पायऱ्या चढताना दिसली की शेठ आधी पाणी प्यायचे. ती पिशवीतून बाभळीचा एक ठोकळा काढायची. त्यात गंजलेले चार स्क्रू घट्ट बसवलेले. प्रत्येक पेचकस त्यांच्यावर चालवून बघायची. टोक वाकलं तर माल नरम, टोकाचा टवका उडाला तर माल फाजील कडक, दोन्ही नापास. मग हाताला करडीचं तेल चोळून मूठ आवळायची. "घामाच्या हातात फिरला तर काय कामाचा?" मग मूठ एका हातात, पातं दुसऱ्या हातात धरून पिळायची. मुठीच्या कडेला खिळा मारलेला असला तर त्या पेचकसाकडे दुसऱ्यांदा बघायचीसुद्धा नाही, कारण तो खिळा आतल्या लोखंडाला टेकतो आणि बोटं नेमकी तिथंच येतात, हे तिनं स्वतः एक मूठ फोडून शोधून काढलं होतं. शेवटी उरलेले पेचकस कमरेएवढ्या उंचीवरून ती फरशीवर टाकायची.

शेठ कळवळून म्हणायचे, "बाईसा, फुटेल ना!"

"फुटू द्या की. इथं फुटलेला बरा. खांबावर फुटला तर तुम्ही झेलायला येणार हाय का?"

बेकलाइटच्या, म्हणजे कडक प्लॅस्टिकच्या, मुठी अशा बऱ्याच गेल्या. पण शेठनी तिला कधी अडवलं नाही. मला एकदा ते पार्सल ऑफिसात म्हणाले, "तुमची आत्या माझं नुकसान करते. पण ती जे ठेवते ना, ते मी डोळे मिटून विकतो. गिऱ्हाईक परत येऊन कधी भांडत नाही." रबर चढवलेला पेचकस मिळाला की आत्या तो घरच्या पत्र्यावर वैशाखाच्या उन्हात आठ दिवस टाकून ठेवी. चिकट झाला की नापास. पुढे तिला आणखी एक शंका आली. मूठ चांगली असली तरी खालचं पातं उघडंच. बोट घसरलं की लोखंडावर. तिनं शेठला विचारलं, "याची मान उघडी कशाला ठेवत्यात? टोकापुरतं लोखंड दिसलं तरी बास की." शेठनी मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्र टाकलं. दोन महिन्यांनी आलेल्या पेटीत खरोखरच मानेवर रबराची नळी चढवलेले सहा पेचकस होते. ती पेटी मीच सोडवली. त्या दिवशी आत्यानं घरी पुरणपोळी केली.

एवढं करूनही ती मामांना रोज निघताना बजावायची, "पेचकस कितीबी चांगला असू द्या, आधी खटका बंद करायचा. त्याच्या भरवशावर राहू नका."

खरी परीक्षा आली ती कंपनीत नवे साहेब आले तेव्हा. साहेब हैदराबादकडचे, शिकलेले, शिस्तीचे. त्यांनी सगळ्या वायरमनसाठी एकसारखे पेचकस मागवले. लाल रंगाच्या चकचकीत मुठी. हुकूम निघाला: घरची हत्यारं आणायची नाहीत, कामावर कंपनीचंच सामान वापरायचं. मामांनी तो लाल पेचकस घरी आणला. आत्यानं तो फिरवून बघितला, लुगड्याला टोचलेली सुई काढली आणि मुठीच्या मागच्या टोकाला खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली लोखंड चमकलं.

"उद्या मी येते तुमच्या हापिसात," ती म्हणाली.

मामा घाबरले. "अगं, नोकरी जाईल माझी."

"नोकरी गेली तर दुसरी बघू. तुम्ही गेलात तर काय बघू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो. साहेबांसमोर उभी राहून तिनं पदर सारखा केला आणि पेचकस टेबलावर ठेवला. साहेबांनी विचारलं, "बाई, आपण वीजकाम कुठं शिकलात?"

"शिकले न्हाई साहेब. मला खुरपं कळतं. हे खुरप्यावानीच केलंय, लोखंड मुठीतून आरपार, वरून रंग दिलाय. हा रंग माणसाच्या तळहातानं महिनाभरात जाईल. मंग?"

साहेब हसले. पण माणूस प्रामाणिक होता. भिंतीवर एक तपासणीचा दिवा होता. त्याच्या तुटक्या वायरीची दोन टोकं एखाद्या धातूला लावली की दिवा लागे. बाईची समजूत काढावी म्हणून त्यांनी स्वतः एक टोक पात्याला लावलं आणि दुसरं त्या खरवडलेल्या जागी. दिवा भकदिशी पेटला. खोलीत सातआठ वायरमन उभे होते. साहेबांनी दुसरा पेचकस खरवडला, तिसरा खरवडला. प्रत्येक वेळी दिवा लागला. त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "हे मी माणसांच्या हातात दिले होते."

आत्या लगेच मऊ झाली. "तुम्हाला काय माहीत, साहेब. दुकानदारानं चांगले म्हणूनच दिले आसतील. आमच्या घरीबी असंच झाल्तं."

त्याच दुपारी साहेब तिला घेऊन शेठच्या दुकानात गेले. मी ते दृश्य कधी विसरणार नाही. सुटाबुटातले साहेब स्टुलावर बसून बघताहेत, शेठ आधीच दोन पेले पाणी प्यायलेले आणि आत्या तेलकट हातानं एकेक पेचकस पिळतेय. तीन डझनांतून अकरा निघाले. साहेबांनी बारावा मागितला तेव्हा ती म्हणाली, "बारा पाह्यजेत म्हणून वाईट घेऊ का? एक माणूस थांबंल जरा." साहेबांनी मान डोलावली.

त्यानंतर आमची ओसरी म्हणजे कचेरीच झाली. जिनिंगचे, सिनेमाच्या तंबूचे, पार परभणीकडचे वायरमन पेचकस दाखवायला येत. आत्या तूर निवडता निवडता निकाल देई. "हा बिलकुल चांगला." "हा नेऊन टाक, याच्यानं डब्याचं झाकण उघड." कोणी आपला पेचकस महाग आहे असं सांगू लागला तर ती हात पुढे करून म्हणे, "दाखव तर खरं." आणि तो माणूस निमूट पेचकस तिच्या हातात ठेवी.

पुढे माझी बदली झाली. तीन-चार वर्षांनी पत्र आलं, मामा गेले. विजेनं नव्हे, तापानं, घरी, अंथरुणावर. मी पोचलो तेव्हा बारावा झाला होता. आत्या ओसरीवर खांबाला टेकून बसली होती आणि आल्यागेल्याशी जेमतेम बोलत होती. मला एवढंच म्हणाली, "करंटपासून राखलं रे मी त्यांना. तापाचं मला काय कळत न्हाई."

संध्याकाळी एक तरणा वायरमन दारात आला. त्याला काही ठाऊक नव्हतं. बसलेली माणसं बघून तो चपापला आणि मागे फिरला. आत्यानं त्याला हाक मारली. त्याच्या हातातला पेचकस घेतला, उलटसुलट केला, मागचं टोक अंगठ्यानं बराच वेळ चाचपलं.

"घरी कोण हाय तुझ्या?"

"बायको हाय."

"उद्या सकाळी तिला घेऊन ये. तिला शिकवते."

तो खरोखर आला. बायको अगदी पोरसवदा, कडेवर लेकरू, नजर खाली. आत्यानं लेकरू माझ्याकडे दिलं आणि तिला शेजारी बसवलं. मी आतल्या खोलीत त्या लेकराला खेळवत बसलो. बाहेर आत्या बोलत होती, ती पोरगी काहीतरी विचारत होती, आत्या तिला रागावत होती, पुन्हा समजावत होती. मध्येच ती पोरगी हसली, आणि थोड्या वेळानं आत्याही.