अक्काचं रक्त कमी नव्हतं

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. तो उघडा पडला गेल्या श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, सकाळी, हुबळीतल्या एका इस्पितळात. आत्याला सगळं घर अक्काच म्हणतं. धारवाडच्या शाळेत विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली. तिच्या यकृतात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि कॅन्सर हा शब्द सांगितला माझ्या अप्पांना. तिच्या धाकट्या भावाला. का, तर तो पुरुष.

अप्पांनी घरी फर्मान काढलं: अक्काला कळता कामा नये, धसका घेईल. रक्त कमी आहे, अंगात आयर्न नाही, एवढंच सांगायचं. मी भांडले तर स्वतःच्या गळ्याला हात लावून त्यांनी मला शपथ घातली. धारवाडच्या सुभाष रोडवर रुग्णांच्या हक्कांची पत्रकं वाटणारी मी, घरात माझ्याच तोंडाला कुलूप. अक्का खोलीत आली की आमचं बोलणं बंद व्हायचं. मी मान खाली घालून शेंगा सोलत बसायची.

मग नवी तपासणी निघाली. एमआरआयच्या आधी लोहाचे अतिसूक्ष्म कण शिरेतून सोडायचे. त्यांच्यावरचा लेपच असा, की ते गाठीच्या पेशींना जाऊन चिकटतात आणि एरवी निसटणारी बारीक गाठही फोटोत उठून दिसते. प्रकार अजून प्रयोगातच होता, पण ऑपरेशनच्या आधी यकृतात आणखी कुठे काय आहे ते कळलं असतं.

त्या सोमवारी डॉक्टरीणबाईंनी अप्पांना सोडून थेट अक्कालाच विचारलं, एवढ्यात आयर्नचं सलाईन घेतलंय का.

"घेतलं की," अक्का म्हणाली. "देशपांडे नगरातल्या दवाखान्यात जाऊन, माझी मी. हा सारखा आयर्न नाही, आयर्न नाही म्हणायचा. म्हटलं, ह्याच्या जिवाला घोर नको."

बाईंनी फाईल मिटली. यकृतात आधीच लोह साठलेलं. फोटोत ते कुठलं आणि कणांचं कुठलं, ओळखू येणार नाही; आता फोटोवर भरवसा ठेवता येणार नाही. काही महिने थांबायला हवं. गाठ थांबणार नव्हती.

अक्काने अप्पांकडे पाहिलं.

"माझं रक्त कमी नाही ना रे?"

शेवटी मीच सांगितलं. शपथ मोडली; अप्पा ठणठणीत आहेत.

"गाठ माझी," अक्का म्हणाली, "आणि पंचायत तुमची."

तुमच्या घरात कुणापासून आजाराचं नाव लपवलंय, ते तुम्हाला माहीत आहे. उठा, आणि आज जेवायला बसायच्या आधी त्या माणसाला ते सांगा.