साळूबाईचा पाहुणचार

घोटीजवळच्या वाडीत साळूबाईच्या हाताला सगळे टरकून असत. नवऱ्यानं, देवरामनं, लेकीची, संध्याची, शाळा सोडवून लग्न ठरवलं, तेव्हा तिनं मुसळ घालून त्याचा हात मोडला आणि मग स्वतःच त्याला दवाखान्यात नेलं. भाताच्या लावणीत बायांच्या अंगचटीला येणाऱ्या मुकादमाचं तोंड तिनं चिखलात दाबून धरलं होतं. चांगलं केलं, असं माझं स्वच्छ मत आहे.

संध्या बारावीला उत्तम मार्कांनी पास झाली. नाशिकच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात दोन तऱ्हेची मदत होती. मार्कांवरची तिला मिळालीच होती, पण तिच्यात अर्धीच फी माफ. उरलेली अर्धी मजुरीतून भागणं अवघडच होतं. दुसरी मदत गरजूंसाठी. तिच्यात होस्टेलसकट सगळं माफ, पण आधी कॉलेजचा माणूस घरी येऊन गरिबी बघणार. हुशारी कागदावर चालते, गरिबी मात्र यांना डोळ्यांनी बघायची असते!

पाहुणा येणार म्हटल्यावर साळूबाईनं घर सारवलं. शेजारून टीव्ही, पंखा, खुर्च्या, स्टीलची भांडी आणून मांडली.

"आये, गरिबी दाखवायची हाय गं!" संध्या ओरडली.

"पाव्हण्याला उघडं घर दाखवू? माझं नाक कापतीस व्हय?" साळूबाईनं अंगणातला एकुलता एक कोंबडा धरला आणि एका घावात त्याची मान उडवली. कॉलेजकडून आलेले शेखर सर रस्सा ओरपून, बोटं चाटून गेले. पुढच्या आठवड्यात निरोप आला: घर खाऊनपिऊन सुखी, मदत नामंजूर.

साळूबाईनं एसटी पकडली ती थेट कॉलेज गाठलं. संध्या रडत मागोमाग.

"माझा कोंबडा खाल्लास आन् मलाच श्रीमंत म्हनतोस?" तिनं शेखर सरांची मानगूट धरून तोंड टेबलावर आपटलं. दात तुटला, शर्ट रक्तानं माखला. वॉचमनची काठी तिच्या कपाळावर बसली. कपाळ फुटलं तरी तिनं त्याच्या मनगटाचा लचका तोडलाच.

प्राचार्य धावत आले. "कोण ही बाई? हिची पोरगी इथे असेल तर तिचा प्रवेश आत्ताच्या आत्ता रद्द! अर्धी माफीसुद्धा नाही!"

सर तोंडात रुमाल कोंबून कण्हत होते. दारात संध्या उभी होती. साळूबाईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मला पोरबाळ नाय," ती म्हणाली. "वांझ हाय मी."

मला तर ऐकतानाच भडभडून आलं. पोरगी गप्प राहिली असती तर निदान अर्धी फी तरी वाचली असती तिची. पण संध्या आत आली आणि तिनं आपली ओढणी आईच्या कपाळावर दाबून धरली.

"खोटं बोलती ती. माझी आय हाय."

साळूबाईनं तिच्या थोबाडीत मारली. देवरामचा हात मोडताना जो हात जरासुद्धा कचरला नव्हता, तो या वेळी पोरीच्या गालावरून निघेचना.