पऱ्हाटीची साखर

बुधवार, ८ एप्रिल १९८१. काम : कॉस्टिक सोड्यात उकळलेला पऱ्हाटीचा लगदा धुणे.

कापूस वेचून झाला की शेतात कपाशीची जी वाळकी झाडं उरतात, ती पऱ्हाटी. आमच्याकडे ती चुलीत जाते. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते, तिथे मात्र ती कुटून, सोड्यात उकळून मऊ करायची आणि बुरशीपासून काढलेलं एन्झाइम घालून गरम पाण्याच्या टाकीत ठेवायची. एन्झाइम तंतू तोडतं आणि त्यांची साखर होते. चहात घालायची नव्हे, पण साखरच. लगद्यात सोडा राहिला तर एन्झाइम निकामी होतं, म्हणून धुणं महत्त्वाचं. आणि धुणं मला चांगलं येतं.

विषय आमच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलीचा होता. यवतमाळकडची, लग्न झालेली. हिवाळ्यात तिला भरपूर साखर मिळाली, होळीनंतर मिळेना. तिच्या मार्गदर्शक सरांनी सांगून टाकलं होतं, या महिन्यात जमलं नाही तर पऱ्हाटी सोडा, दुसरा विषय घ्या. म्हणजे झालेलं सगळं काम पाण्यात. घरचे पुन्हा पहिल्यापासून सुरू करू देतील याची तिला खात्री नव्हती.

"एन्झाइमच मेलं वाटते, ताई," ती म्हणाली.

गाळणकागदही तसल्याच तंतूंचा असतो, म्हणून मी थोडं एन्झाइम त्याच्या पट्टीवर घालून टाकीत ठेवलं. दुपारपर्यंत कागदाच्या चिंध्या झाल्या.

"मेलेलं इतकं खाते का वं?"

"मंग साखर काहून नाही येऊन राहिली?"

"होळीनंतर वेगळं काय केलं, ते सांग."

"काहीच नाही. उलट आता लगदा चांगला राहते. पहिले आपण ओलाच वापरत होतो. आता गच्चीवर वाळवून डब्यात भरून ठेवला. सकाळी पसरवला का संध्याकाळी कडक."

यात कोणाला काही चुकीचं वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात ओला लगदा लगेच वास मारतो, आणि ज्या गावात एप्रिलमध्ये गच्चीगच्चीवर जुन्या लुगड्यांवर वाळवण पसरलेलं असतं, तिथे वाळवून ठेवणं हाच शहाणपणा. सरांनी तिच्या डब्यांचं कौतुक केलं होतं.

"वापरताना भिजवते ना?"

"रात्रभर."

मी नळ बंद केला. आदल्या रविवारीच मी घरी कुरडया घातल्या होत्या.

"वाळलेली कुरडई भिजवली तर तिचा परत चीक होते का?"

ती हसली. "काहीही, ताई. नरम होईन. चीक कसा होईन?"

"मग याचंही तसंच झालं असेल. वाळताना तंतू आतल्या आत चिकटून बसले. वरून भिजतात, पण एन्झाइमले आत शिरायले जागा कुठे?"

"सर म्हणतील, कुरडईवर पीएच.डी. करून राहिली."

"म्हणू दे. आधी लावून तर पाहू."

आम्ही दोन चंबू लावले. एकात डब्यातला लगदा भिजवून, दुसऱ्यात मी नुकताच धुतलेला ओला. एन्झाइम दोन्हीत सारखंच. टाकीत ठेवले आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई यायच्या आधीच मी कुलूप काढलं. दोन्ही चंबूंतलं थोडं पाणी घेऊन साखरेच्या चाचणीचं द्रावण घालून काचेच्या नळ्यांत उकळलं. साखर जितकी जास्त तितका रंग गडद येतो. डब्यातल्या लगद्याची नळी जेमतेम नारिंगी झाली, ओल्याची गडद तांबूस. ती आली तेव्हा मी नळ्या तिच्या हातात दिल्या. तिनं त्या सरांकडे नेल्या. सरांनी खिडकीशी धरून पाहिल्या आणि म्हणाले, "पऱ्हाटीच चालू द्या."

लगदा यापुढे ओलाच ठेवायचा होता, म्हणून मी फ्रीजमधल्या सरांच्या पाण्याच्या बाटल्या बाहेर काढल्या, धुतलेला लगदा फडक्यात बांधून आत ठेवला आणि सरांसाठी माठ भरला.