गडावरून दिसणारं गाव
उदाचा वास आला की लग्नानंतरच्या पहिल्या चैत्रातला तो देवीचा गड मला आठवतो. दिवाळीलाही मला माहेरी धाडलं नव्हतं. "गडावरून तुह्या गावचा तलाव दिसते," असं जावेनं सांगितलं, म्हणून तापलेल्या पायऱ्या मी उपाशीपोटी भराभर चढले. दर्शन झालं, पुजाऱ्यानं हातावर खोबरं ठेवलं, तशी मी कठड्याकडे धावले. सासूबाईंनी मागून दंड धरला. "तिकडं काय पाहून राहिली?" "माहेर. एकडाव पाहू द्या ना." "देवीले आली का मायले?" असं म्हणत त्यांनी मला ओढतच खाली आणलं. त्याच पावसाळ्यात आई गेली, तेव्हा कुठे मला माहेरी धाडलं. आता नात विचारते, गडावरून काय दिसतं? मला अजून माहीत नाही.