सईच्या व्हिडिओतले बाबा

आता हा किस्सा माझ्या तोंडून ऐकायचाच असेल, तर एक अट आहे. मध्येच कुणी "अरे, पण तुझ्या लक्षात कसं आलं नाही?" असं विचारायचं नाही. हा प्रश्न मला बायकोने विचारलाय, सासूबाईंनी विचारलाय, साताऱ्याच्या शिशुगृहातल्या ताईंनी तर चष्मा काढून विचारलाय. उत्तर अजून सापडलेलं नाही. तेव्हा चहा घ्या आणि गप ऐका.

सहा-सात वर्षं झाली. आम्ही तेव्हा यनबूला होतो. सौदीच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे कारखान्यांचं गाव. मी तिथे इन्स्पेक्शन इंजिनिअर. म्हणजे पाइपाला कुठे तडा गेलाय, टाकीला कुठे गंज चढलाय ते शोधायचं, त्याचे फोटो काढायचे आणि रिपोर्ट लिहायचा. फोटो काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही, असं माझं तेव्हा मत होतं.

मी आणि वृषाली, म्हणजे माझी बायको, मूल दत्तक घ्यायच्या खटपटीत होतो. दोन वर्षं नुसते कागद. आणि मग एके दिवशी साताऱ्याकडच्या एका शिशुगृहातून फोटो आला. सई, वय वर्षं तीन. दोन शेंड्या, एका पायात चप्पल, आणि फोटो काढणाऱ्याकडे असं बघतेय जणू त्याने तिची दुसरी चप्पल चोरलीय. तो फोटो बघून वृषाली जी स्वयंपाकघरात गेली ती तासभर बाहेर आली नाही. मीही तिची समजूत काढायला गेलो नाही. कसा जाणार? मी बाथरूममध्ये नळ सोडून बसलो होतो.

संस्थेच्या ताई फोनवर म्हणाल्या, "कोर्टाची ऑर्डर यायला दोनेक महिने जातील. तोवर व्हिडिओ कॉल आमच्या नियमात बसत नाही. पण तुम्ही छोटे छोटे व्हिडिओ करून पाठवा. मावशी तिला रोज दाखवतील. ही तुझी आई, हे तुझे बाबा. म्हणजे तुम्ही याल तेव्हा ती तुम्हाला परकं समजणार नाही."

"ताई, व्हिडिओचं तुम्ही माझ्यावर सोडा!" मी म्हटलं.

सोडलं बिचाऱ्यांनी.

त्याच आठवड्यात काही कागदांवर शिक्के घ्यायला आम्हाला जेद्दाला जावं लागलं. गुरुवारी सकाळी कागद दिले. शुक्रवार-शनिवार सुट्टी, कागद मिळणार रविवारी. मध्ये दोन-तीन दिवस मोकळे. माझ्या प्लँटमधल्या एकाने टॅक्सीवाल्याचा नंबर दिला होता. हमीदभाई. श्रीवर्धनचे, जेद्दात तीस वर्षं काढलेले. सहा फूट उंच, भरघोस मिशी, अंगात पांढरा स्वच्छ पायघोळ थोब आणि डोक्यावर लाल चौकड्यांचा रुमाल. माणूस कसला, पोस्टर होतं पोस्टर!

"कागद दिले ना? मग आता रविवारपर्यंत खलास," हमीदभाई म्हणाले. "हॉटेलात बसून काय एसीची हवा खाणार? वहिनी, बसा गाडीत. तुम्हाला बलद दाखवतो. आमच्या श्रीवर्धनातली पण एवढी जुनी घरं नाय राहिली आता."

बलद म्हणजे जुनं जेद्दा. काय सांगू तुम्हाला! अरुंद गल्ल्या, चार-चार मजली घरं, त्यांना कोरीव लाकडाच्या मोठाल्या खिडक्या बाहेर आलेल्या. काही घरं एकमेकांकडे इतकी कललेली की आतल्या बायका खिडकीतून मीठ-साखर मागत असतील. खाली मांजरं, अत्तराची दुकानं, आणि एका कोपऱ्यावर पुदिन्याचा चहा देणारा येमेनी म्हातारा. मागच्या थंडीत आम्ही पुन्हा गेलो होतो. आता सगळं डागडुजी करून छान रंगवलंय, कॉफीची दुकानं आलीत. चहावाला काही सापडला नाही. मी त्या कोपऱ्यावर उगाच दहा मिनिटं उभा राहिलो.

असो. तर मी फोन काढला. हात हलू नये म्हणून खास दांडी घेतली होती, ती जोडली. वृषाली एका घरासमोर उभी राहिली आणि मी बघतो तो काय, घराची उंची कळतच नाही!

आता आमच्या धंद्याचा एक नियम सांगतो. तड्याचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची. नाहीतर बघणाऱ्याला कळणार कसं, तडा बोटभर आहे की हातभर? पंधरा वर्षं हेच केलेलं. हात आपोआप पट्टी शोधतो. पट्टी नव्हती. हमीदभाई होते.

"हमीदभाई, जरा हिच्या शेजारी उभे राहता? सहा फुटांचा अंदाज येईल."

"अरे, मग तूच उभा राहा ना," वृषाली म्हणाली. "मी काढते."

"तुला लाइट कळतो का?"

"मला एवढं कळतं की सईला घराची उंची नकोय."

बघा, किती सरळ बोलली होती बाई. पण मी तेव्हा लाइट बघत होतो.

तिथून जे सुरू झालं! दरवाजा उंच आहे, हमीदभाई उभे राहा. समुद्रातलं कारंजं लांब आहे, हमीदभाई पुढे चाला. समुद्रावर गाडीवाल्याकडे बलीला खाल्ली, म्हणजे उकडलेले छोले, वर लोणचं आणि व्हिनेगर. "हमीदभाई, वाटी केवढी आहे ते कळू दे, हातात धरा." त्यांनी हातात धरली, एक घास खाल्ला आणि आंबटपणाने असं तोंड केलं की वृषाली हसून हसून कठड्याला टेकली. अप्रतिम शॉट!

मग बाजारात सईसाठी लाल फ्रॉक घेतला. हमीदभाईंना चार नाती. त्यांनी दुकानदाराला भावावरून अरबीत असं झोडपलं की तो स्वतःच पिशवी उघडून उभा राहिला. फ्रॉक तीन वर्षांच्या पोरीला कुठवर येईल, हे दाखवायला मी हमीदभाईंना तो गुडघ्यापाशी धरायला लावला. माणूस हौशी! फ्रॉक नाचवत कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "सई बेटा, ये लवकर! वाट बघतोय आम्ही!" आणि डोक्यावरचा तो लाल रुमाल तोंडावर ओढून, "बुवाऽऽऽ कुक!"

रात्री हॉटेलात मी सगळे व्हिडिओ नीट कापून जोडले. जवळपास सगळ्यांत माझाच आवाज येत होता. "डावीकडे सरक. थांब. आता चाल." तो कानाला खटकला म्हणून काढून टाकला आणि संगीत घातलं. फक्त बुवा-कुक तेवढं ठेवलं, कारण ते फारच गोड होतं. एकूण चौदा व्हिडिओ. वृषालीला वाटलं, मी माझे वेगळे काढून पाठवतोय. मला वाटलं... मला काय वाटलं ते मला आजही सांगता येत नाही.

आठवड्याने ताईंचा मेसेज. "सई खूप खूश आहे. सारखी बाबा बाबा करते. दिवसातून दोनदा व्हिडिओ लावावे लागतात."

मी हवेत! दुसऱ्या दिवशी प्लँटमध्ये बकलाव्याचे तीन डबे वाटले. फिलिपिनो फोरमनपासून पाकिस्तानी वेल्डरपर्यंत सगळ्यांना सांगितलं, पोरीने मला अजून पाहिलं नाही, तरी बाबा बाबा करते! वेल्डर बिचारा डोळे पुसत म्हणाला, "साहब, यही खून की कशिश है." मी त्याला म्हटलं, अरे बाबा, रक्ताची ओढबिढ काही नाही, व्हिडिओची क्वालिटी आहे.

ऑर्डर आली. आम्ही साताऱ्याला पोचलो. शिशुगृहाच्या हॉलमध्ये सतरंजी घातलेली, ताई, दोन मावश्या, आणि दारातून लाल रिबिनी लावून आलेली सई. वृषालीला बघितलं मात्र, "आई!" करून जी धावत आली, ती थेट गळ्यात. हॉलमध्ये एकाचाही डोळा कोरडा नाही. मी फोन खिशात ठेवला, गुडघ्यावर बसलो आणि हात पसरले.

सई माझ्याकडे आली. मला वळसा घातला. आणि दाराबाहेर बघत म्हणाली, "बाबा कुठं हायत?"

"अगं, हे काय बाबा," वृषाली म्हणाली.

सईने मला पायापासून टकलापर्यंत बघितलं. "ह्ये न्हाईत."

मोठ्या मावशी पुढे आल्या. "अहो ताई, खरंच हे न्हवं. ते उंच हायत, मिशीवाले. हे कोण आलेत बरोबर?"

ताईंनी फाइल उघडली, त्यातला फोटो बघितला, माझ्याकडे बघितलं. "फाइलमध्ये तर हेच आहेत. मग दोन महिने आम्ही लेकराला दाखवतोय ते गृहस्थ कोण?"

"टॅक्सी ड्रायव्हर," मी म्हटलं.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"कॅमेऱ्यामागे."

तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि तो प्रश्न विचारला.

तुम्ही आता हसताय, हसा. पण त्या वेळी सई रडायला लागली होती. "मला बाबा पायजेत" म्हणत मावशींचा पदर तोंडात धरून मुसमुसत होती. जिची दोन वर्षं वाट बघितली, तिला मी पहिल्याच दिवशी बापाला मुकवलं होतं, आणि तो बाप मीच होतो! वाटलं, ही आता कधीच माझी होणार नाही.

शेवटी ताई म्हणाल्या, "लावा त्या भल्या माणसाला फोन."

हमीदभाई जेद्दाला विमानतळाच्या रांगेत गाडीत बसलेले. सगळं ऐकून आधी दोन मिनिटं नुसते हसले. मग मी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर सई दिसली तसा त्यांनी डोक्यावरचा रुमाल नीट केला. "सई बेटा, मी हमीदकाका. बाबा तो बघ, तो टकला. तो लई चांगला हाय, फक्त त्याला स्वतःचं तोंड दाखवायला नाय येत."

"बाबा, तुमी कवा येनार?" सईने त्यांनाच विचारलं.

"साहेब," हमीदभाई मला म्हणाले, "आता इंजिनिअरिंग बाजूला ठेवा. मिळेल ते फडकं डोक्यावर घ्या आणि बसा खाली."

मावशींनी टेबलावरचा चौकड्यांचा कपडा ओढून दिला. त्याला डाळीचा वास येत होता. मी तो तोंडावर घेतला आणि म्हटलं, "बुवाऽऽऽ कुक!" काही नाही. पुन्हा. पुन्हा काही नाही. किती वेळ केलं कुणास ठाऊक, घसा बसला, शिशुगृहातली आणखी आठ पोरं माझ्याभोवती गोळा होऊन खदखदत होती. तेव्हा कुठे सईने पदर सोडला आणि माझं फडकं स्वतः ओढलं.

जमलं, असं वाटलं ना तुम्हाला? छे! पासपोर्ट, व्हिसा होईपर्यंत दीड महिना आम्ही पुण्यात सासूबाईंकडे राहिलो. या दीड महिन्यात वृषाली आई, सासूबाई आजी, आणि मी? मी कुक. "ए कुक, पाणी दे." "कुक, चप्पल घाल." खांद्यावर बसायची, माझ्या ताटातला भात खायची, पण बाबा नाही. बाबा जेद्दात राहतात, हे तिचं पक्कं. सासूबाई शेजारणीला सांगत, "जावई आहेत, पण सध्या कुक आहेत."

आणि मग आम्ही तिघं जेद्दाला उतरलो. पासपोर्टची रांग. सई माझ्या कडेवर. काउंटरवर तरुण सौदी अधिकारी. त्याने सईचा कोराकरकरीत पासपोर्ट बघितला, व्हिसा बघितला, आमची तोंडं बघितली. पोरीचं तोंड ना माझ्यासारखं, ना वृषालीसारखं. त्याने कोर्टाचे कागद मागितले, पानं चाळली. मग काचेपाशी वाकला आणि हसून सईलाच विचारलं, "वेन बाबा?"

बाबा कुठाय! अरे देवा! बाहेर हमीदभाई टॅक्सी घेऊन उभे. ही आता म्हणणार, बाबा बाहेर हायत. कागदावर बाप एक, पोरीच्या तोंडी दुसरा. वृषालीने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नखं रुतली. "सई..." मी म्हणायला गेलो, तर अधिकाऱ्याने बोट वर केलं. तुम्ही नाही, ती बोलेल.

सईने त्या माणसाकडे बघितलं. अनोळखी जागा, अनोळखी भाषा, काचेमागे अनोळखी माणूस. तिने माझ्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठींत धरली, तोंड माझ्या मानेत खुपसलं आणि आतूनच म्हणाली, "ह्यो बाबा."

ठक! शिक्का पडला.

आणि मी रडायला लागलो. साधंसुधं नाही, हुंदके देऊन, आवाज काढून. मागची अख्खी रांग बघतेय. अधिकारी घाबरला. त्याने सईसाठी काढलेलं चॉकलेट माझ्या हातात ठेवलं आणि वृषालीला विचारलं, "बेबी ओके. बाबा, व्हॉट प्रॉब्लेम?"

सईने मानेतून डोकं काढलं. माझ्याकडे नीट बघितलं. शिशुगृहात एखादं पोर रडायला लागलं की मावशी जसं थोपटायच्या, तसं तिने माझ्या टकलावर हळूहळू थोपटलं आणि त्यांच्याच आवाजात म्हणाली, "रडू नगं हां. तुला बी न्यायला येतील."