पेच्चिअम्माळची पहिली इडली

चहात लोणी! शी! पेला तोंडाशी नेतानाच पेच्चिअम्माळला मळमळलं. मदुराईच्या गल्लीत तीस वर्षं इडल्या विकणारी बाई, आणि सकाळी सकाळी हा तेलकट तवंग गिळायचा! पण इलाज नव्हता. गुडघे पार कामातून गेले होते आणि दहा किलो उतरल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

हा चहा तिच्या धाकट्या भावाचं, तवसीचं डोकं. भात-इडली सोडून, अंडी-मटण खाऊन तो चौदा किलो उतरला आणि तेव्हापासून मोबाइलवर गट काढून गावाला शहाणपण शिकवत सुटला. अक्काला साखरेचा आजार, त्याला नाही. पण एवढा विचार करायला त्याला स्वतःच्या कौतुकातून सवड कुठली?

पहिल्या घाण्यातली इडली स्वतः खाल्ल्याशिवाय तिने कधी गिऱ्हाइकाला पान वाढलं नव्हतं. साखरेच्या आजाराची गोळी घ्यायची आणि वर ती इडली, हा तिचा नेम. तवसीने इडली बंद केली. गोळी मात्र सवयीने चालूच राहिली, आणि डॉक्टरीणबाईंना विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

नवव्या दिवशी इडलीपात्राचं झाकण काढताना तिचे हात लटपटले, दरदरून घाम फुटला, आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. शेजारची फुलवाली मरियम साखरेचा डबा घेऊन धावली, तर हा दिवटा हात आडवा घालून उभा. अक्काचे नऊ दिवस फुकट जातील म्हणे! मरियमने त्याला कोपराने ढकललं आणि साखरेचं पाणी अक्काला पाजलं.

डॉक्टरीणबाई दोघा भावंडांवर चिडल्या. भात कमी केलात त्याचं काही नाही, पण मग गोळीही त्या मापाने उतरवावी लागते, ती कुणी उतरवायची? त्यांनी गोळी अर्धी केली, सकाळची एक इडली ठेवली, दुपारचा भात तोडला. उरलेलं लोणी पेच्चिअम्माळने गटारात ओतलं.

सात महिन्यांनी दहा किलो उतरले. ऑपरेशनची तारीख मिळाली त्याच दिवशी तवसी मोबाइल सरसावून हजर. गटाला दाखवायला एक फोटो हवा होता, दोघांचा, खांद्यावर हात ठेवून.

पेच्चिअम्माळ केळीची पानं पुसत होती. त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला. तिने मान वर केली नाही.

"मी मरत होते तेव्हा मरियमला अडवलंस, तोच ना हा हात?" ती म्हणाली. "काढ तो. किळस येते मला त्याची."